शिक्का

शनिवारी सकाळी दहाला
मिलेनाआजी दारात आल्या, छत्री झटकत म्हणाल्या,
"उद्या बाराला परत. एकला माझा पत्त्यांचा डाव आहे."
म्हणजे सव्वीस तास.
यर्नेयनं पलंगाखालची बॅग ओढली,
तीनदा भरून तीनदा तशीच ठेवलेली:
एकदा टिलाच्या कांजिण्या,
एकदा गरम पाण्याचा बंब फुटला,
एकदा काहीच नाही, नुसते आम्हीच दमलेले.
तळाशी एक संत्रं निघालं,
सुकून सुपारीएवढं.

क्रान्य मागे पडलं.
पहिला अर्धा तास आम्ही मुलांबद्दलच बोललो,
पडू घातलेला दात, वीदचं गणित,
जिम्नॅस्टिक्सची फी कुणी भरायची.
मी म्हटलं, पुरे. आता दंड.
जो त्यांचं नाव घेईल, बॅग त्याच्या पाठीवर.
मग बोहिन्यपर्यंत गाडीत
कुणीच काही बोललं नाही.

डोंगराच्या पायथ्याशी गाडी लावली,
सीट मागे केली, पाच मिनिटं म्हणून,
आणि दीड तास झोपलो.
काचेवर कुणीतरी टकटक केली,
गाईंना वाट हवी होती.

या डोंगराचं नावच काळी माती.
बीचच्या जंगलातून वर चढायचं,
झाडाझाडावर लाल कड्यात पांढरा ठिपका.
यर्नेय नेहमीसारखा पुढे.
पण आता प्रत्येक वळणावर
बुटाची नाडी बांधायचं निमित्त करून थांबतो.
हँडबॉलचा जुना गुडघा.
मीही नाडी बघितल्यासारखं करते.

वर धुकं. समोरचं सगळं, म्हणे, फार सुंदर असतं.
धर्मशाळेच्या बाई जवाचं सूप वाढतात
आणि आमची डोंगरवही उघडून
मागची पानं चाळतात.
शेवटचा शिक्का सात वर्षांपूर्वीचा.
तेव्हा मी चार महिन्यांची होते,
आणि एकच बाळ आहे असं समजत होते.
"मध्ये कुठे होतात?"
"खालीच," यर्नेय म्हणतो.
शाईची गादी वाळलेली.
बाई शिक्का तोंडाजवळ नेऊन
गरम वाफ सोडतात,
आरशावर सोडावी तशी,
आणि जोरात दाबतात.
अर्धाच उमटतो.

रात्री आठ जणांची खोली.
खिडकीशी एक हंगेरियन आजोबा
ओंडका कापावा तसे घोरत होते.
यर्नेय वरच्या बाकावर, मी खालच्या.
त्यानं हात खाली सोडला.
मी दोन बोटं धरली.
एवढंच. आणि एवढ्यासाठी
आम्ही चार तास चढलो होतो,
हे मला हसू येण्याइतकं स्पष्ट दिसलं.

सकाळी दोघांनीही
एकमेकांना न कळू देता फोन बघितला.
कुणाचा निरोप नव्हता.
वाईट वाटलं, तेही सांगितलं नाही.

उतारावर बॅग त्याच्याकडे होती,
कारण ओढ्याशी तो बोलून गेला,
"वीदला हे दगड आवडले असते."
मैलभर तो डावा पाय जपून टाकत होता
आणि जपत नसल्यासारखा शीळ घालत होता.
मग मी थांबले.
टिला, म्हटलं.
टिला, टिला, टिला.
आणि हात पुढे केला.
त्यानं माझ्याकडे बघितलं,
काही न बोलता पट्टे सोडवले.

बारा वाजून दहा मिनिटं.
मिलेनाआजी बूट घालून, पर्स घेऊन
सोफ्याच्या कडेवर बसलेल्या.
दात पडला होता, आमच्याशिवाय.
टिलानं वही हिसकावली.
"एवढा फिकट?"
"वर काय होतं?" वीदनं विचारलं.
"धुकं," यर्नेय म्हणाला.
"सूप," मी म्हटलं.

रात्री मशीनमध्ये कपडे टाकताना
त्याच्या खिशातून एक खडा निघाला.
वीदला द्यायचा राहून गेला असेल,
किंवा द्यायचा नसेल.
मी विचारलं नाही.
बॅगेच्या तळाशी टाकला,
संत्र्याच्या जागी,
आणि बॅग पलंगाखाली
पायानंच सरकवली.